कोरडी टाकी

“चाचा, आता तुमचं नाक लावा. तेवढंच राहिलंय,” सत्यजीत म्हणाला आणि बाजूला झाला.

इब्राहिम मिस्त्रींनी खिशातून खडूचा तुकडा काढला. केंदूरच्या त्या शेडमध्ये पूर्वी कोंबड्या होत्या. आता तिथे लाकडी घोड्यांवर विमानाचे दोन पंख ठेवले होते. रांजणगावच्या कंपनीतली नोकरी सांभाळून सत्यजीत गेली काही वर्षं परदेशातून खोक्यांत आलेलं हे दोन माणसांचं विमान घरीच जोडत होता. भावकीतल्या लोकांनी हसून घेतलं, मग हसायचाही कंटाळा केला. बाकी सगळं त्यानं स्वतःच्या हातानं केलं. पंखांच्या पोटातल्या पेट्रोलच्या टाक्या मात्र शिरूरला गाड्यांच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्या इब्राहिम मिस्त्रींकडून करून घेतल्या.

“बाकी काय चुकलं तर खाली दुरुस्त करता येईल,” तो म्हणायचा, “पण वर पेट्रोल गळाया लागलं तर थांबायला जागा न्हाई.”

मिस्त्रींनी अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेट मारून जोडले होते, प्रत्येक सांध्यात काळं, चिकट सीलंट भरलं होतं. त्या सीलंटला नासक्या अंड्यांसारखा वास येतो म्हणतात. काम चालू असताना सत्यजीत नाक दाबून बाहेर पळायचा आणि मिस्त्रीही त्याच्यामागून “लई घाण वास, लई घाण” म्हणत बाहेर यायचे.

त्यांना कसलाच वास येत नव्हता. करोनाचा ताप उतरला, चव हळूहळू परतली, वास काही परतला नाही. आणि मिस्त्रींची सगळी पत नाकावर उभी होती. शिरूरपासून दौंडपर्यंतच्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं, डोळ्यांना दिसत नाही ती गळती मिस्त्रींच्या नाकाला कळते. ते सांध्याशी नाक नेत, खडूनं फुली मारत, आणि गळती बरोबर तिथेच निघे. नाक गेल्याचं फक्त बायकोला, गुलशनला ठाऊक होतं. त्या वर्षीच्या ईदला त्यांनी अत्तराची अर्धी बाटली अंगावर ओतली तेव्हा शेजारच्या माणसाला नमाजात खोकला आवरेना. तेव्हापासून अत्तर तीच लावून देई. दुकानात ते साबणाच्या फेसावर आणि अंदाजावर निभावून नेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती त्यांनी आजवर उघडू दिली नव्हती.

“फेस लावून बघितला, एक बुडबुडा न्हाई,” सत्यजीत म्हणाला. “पण पेट्रोल लबाड असतं. दोन दिवस भरून ठेवलंय. माझं नाक तर बधिर झालंय, सगळ्या शेडचाच वास येतोय.”

त्याची बायको अनुपमा दारात उभी होती. “चाचा, तुम्ही चांगलं म्हणलात तरच मी त्यांच्या शेजारी बसणार हाय,” ती म्हणाली. “मला दुसऱ्या कुणाचं ऐकायचं न्हाई.”

मिस्त्री वाकले. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी नाक सावकाश नेलं. नाक शाबूत होतं तेव्हाही त्यांनी कधी इतका वेळ घेतला नव्हता. गालाला पत्र्याचा गारवा लागला, बाकी काही नाही. दुसऱ्या पंखालाही तेच.

“कोरड्या हायेत,” ते सरळ होत म्हणाले. “बसवा पंख.”

अनुपमाचा चेहरा असा खुलला की त्यांना तिच्याकडे बघवेना. तिनं दिलेला चहा त्यांनी उभ्याउभ्या संपवला आणि स्कूटरला किक मारली.

घरी जेवताना त्यांनीच विषय काढला. न काढते तर पुढचं काही घडलं नसतं. पण माणसाला खुपत असलं की तो तिथेच बोट लावतो.

“ती बाई बी बसणार म्हंती इमानात.”

गुलशनचा भाकरी वाढणारा हात थांबला. “मग तुम्ही काय सांगितलं तिला?”

“टाकी मी चांगलीच बनवलीय. हात काय गेले न्हाईत माझे.”

“हाताचं कोण इचारतंय? तिनं नाकाचं इचारलं.”

मिस्त्री उसळले. “सांगितलं तर उद्यापास्नं दुकानात कोण येईल?”

ती काहीतरी धीराचं बोलेल असं त्यांना वाटलं होतं.

“कुणी न्हाई यायचं,” गुलशन म्हणाली. “पण तिला सांगा.”

सकाळी दोघं केंदूरला गेले. सत्यजीत पंख उचलायला माणसांची वाट बघत होता. मिस्त्रींनी स्कूटर नीट लावायच्या आधीच बोलून टाकलं. उशीर केला असता तर जमलं नसतं.

“मला वास येत न्हाई, सत्यजीतराव. करोनापास्नं. काल मी खोटं बोललो.”

दारातली अनुपमा दोन पावलं मागे सरली. सत्यजीत पंखाखाली वाकून टाकीचे सांधे चाचपू लागला. तो चिडला असता, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मी बघू का वास घेऊन?” गुलशननं विचारलं.

“नको, चाची,” तो हळूच म्हणाला. “टाक्या पुण्याला तपासून आणतो. आधी रिकाम्या करतो.”

त्यानं टाकीखाली प्लॅस्टिकचा कॅन आणला. “मी धरतो,” मिस्त्री म्हणाले, आणि कुणी नाही म्हणायच्या आत खाली बसले. पेट्रोल धारेनं पडू लागलं. अनुपमानं नाकाला ओढणी लावली, गुलशननं पदर, सत्यजीतनं मान वळवली. एकट्या मिस्त्रींचं तोंड कॅनवर तसंच राहिलं. त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली.

महिनाभरानं सत्यजीतचा फोन आला. टाक्या पुण्यात तपासून झाल्या होत्या. “एक थेंब गळत न्हाई, चाचा. सोन्यासारखं काम हाय.” मग तो म्हणाला, “आन् ते नाकाचं, मी कुणाजवळ बोललो न्हाई.”

दुकानात डबा घेऊन आलेली गुलशन ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघा, तुमचं खरं निघालं!”

“माझं कुठलं?” मिस्त्री म्हणाले. “चुकून खरं निघालं.”

दुपारी कोंडिबाचा दुधाचा टँकर दुकानापुढच्या जागेत शिरला. दौंडचा हा ड्रायव्हर त्यांचं पंचवीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक.

“चाचा, केबिनमधी डिझेलचा वास येतोय. पाइप का टाकी, कळंना झालंय. जरा नाक लावा.”

मिस्त्री उठले, टँकरपर्यंत गेले आणि थांबले. फेस होता, अंदाज होता. आजवर निभावलं होतं, अजूनही निभावलं असतं.

“कोंडिबा, माझं नाक गेलंय. मला वास येत न्हाई.”

हे ते एवढ्या मोठ्यानं बोलले की शेजारच्या गाळ्यातला ग्राइंडर बंद झाला. कोंडिबाला आधी चेष्टा वाटली. मग तो उगाच टायरकडे बघू लागला. “मग कसं करू म्हंता?” त्यानं विचारलं.

“पुढं चौकात तो नवा पोरगा हाय. त्याच्याकडं गळती शोधायचं मशिन हाय म्हंत्यात.”

कोंडिबा केबिनमध्ये चढला. टँकर मोठा, मागे हायवे, गाड्या थांबत नव्हत्या. मिस्त्री नेहमीप्रमाणे टँकरच्या मागे रस्त्यावर जाऊन उभे राहिले, एक हात वर करून गाड्या थांबवल्या आणि दुसऱ्या हातानं त्याला मागे घेऊ लागले.

“येऊ दे... येऊ दे... अजून येऊ दे... बास. जा आता.”