हजेरी मला विचारा

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. सागवानी, वही ठेवायला उजव्या हाताशी फळी असलेली. जेपारा गावच्या सुतारानं मला घडवलं आणि गेली एकतीस वर्षं मी योग्याकार्ताच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात पुढच्या रांगेत उभी आहे.

आमचे पाक हर्योनो पूल बांधायला शिकवतात. इथं सरांना पाक म्हणतात. पूर्वी ते एकेक नाव पुकारून मान वर करून बघायचे. कुणी मित्राच्या नावाला ओ दिली, की लगेच म्हणायचे, "काय रे, आज दोन जणांचं जेवून आलास वाटतं?" सगळा वर्ग हसायचा. तेव्हा मला दर सुट्टीत पॉलिशही मिळायचं.

मग भिंतीवर पडदा आला आणि पाकांच्या हातात टॅबलेट. पडद्यावर ठिपक्यांचा एक चौकोन उमटतो. तो फोननं टिपला की नाव हिरवं होतं, झाली हजेरी! उद्घाटनाला इथल्या रिवाजाप्रमाणे पिवळ्या भाताचा उंच सुळका कापून डीनसाहेब म्हणाले, "आता लबाडी संपली." मला तेव्हाच त्यांची कीव आली.

पहिल्याच आठवड्यात पोरांनी चौकोनाचा फोटो ग्रुपवर टाकला. चौतीस शहाणे चहाच्या गाड्यावर आल्याचा चहा ढोसत हजर झाले. वर्गात नऊ डोकी, टॅबलेटवर बेचाळीस नावं हिरवीगार. पाक मान खाली घालून खूश.

माझ्यावर रोज सेकार बसायची. डोंगरातल्या खेड्यातून पहिल्या बसनं यायची आणि बसण्याआधी माझी फळी पुसायची. एवढं मला कुणी जपलं नाही. पण तिच्या जुन्या फोनचा कॅमेरा गेलेला, म्हणून त्या नऊ डोक्यांतलं तिचं एकटीचं नाव हिरवं होईना. मैत्रिणीचा फोन घ्यावा, तर नाव मैत्रिणीचंच लागायचं.

"पाक, माझी हजेरी लागत नाहीये."

"फोन बदल."

"पण मी समोरच बसलेय ना!"

"मला दिसतेस गं. सिस्टिमला दिसत नाहीस."

एवढं शिकलेला माणूस हे बोलला, आणि त्याला लाजही वाटली नाही.

सोळा तास झाले. सोळाही तास ती माझ्यावर बसली, आणि तिच्या नावापुढे शून्य. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर शिष्यवृत्तीही गेली.

तरी परीक्षेच्या सकाळी ती आली, दारात उभी राहिली. तेवढ्यात दानांग नावाचा एक पोरगा खोल्यांचे नंबर वाचत आला. सोळापैकी सोळा हजेऱ्या! त्यानं सेकारलाच विचारलं, "ओ ताई, पुलाचा पेपर कुठल्या वर्गात?"

"याच."

"अच्छा. आणि शिकवतं कोण हे?"

तिनं बोट दाखवलं. दोन हातांवर पाक उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मान वर केली. मला वाटलं, आता तरी! त्यांनी दोघांकडे पाहिलं, मग पुन्हा टॅबलेटकडे.

"दानांग, आत बस. सेकार, तू वर्गात नव्हतीस."

ती निघून गेली. दानांग येऊन माझ्यावर बसला. मी जीव खाऊन कुरकुरले, पण कुणी लक्ष दिलं नाही. मित्रांनो, हा पोरगा उद्या पूल बांधणार आणि तुम्ही त्यावरून जाणार.

मला पॉलिश नको, डागडुजीही नको. फक्त हजेरी घेताना एकदा समोर बघत जा. तेवढंही जमत नसेल तर मला विचारा. माझ्यावर आजवर कुणी फोनवरून बसलेलं नाही.