लिंबाला वळसा

दोघी जावांचं बोलणं बंद होतं. भांडण मात्र बंद नव्हतं; ते कबरीमार्फत चालायचं.

कबरी म्हणजे आबांची, दोघींच्या सासऱ्यांची, शेळी. घर वाटलं गेलं, भांडी वाटली गेली, परस मधोमध चुना फासलेल्या दगडांनी कापलं गेलं. शेळी तेवढी कडूबाआबांनी कुणाच्याच वाट्याला जाऊ दिली नाही. ती हद्दीवरच्या खुंट्याला असायची आणि दोन्हीकडचं ऐकून घ्यायची.

आबांची मात्र वाटणी झाली होती. महिनाभर थोरल्या उषाबाईकडे, महिनाभर धाकट्या दैवशालेकडे. अमावास्या झाली की वळकटी या दारातून त्या दारात. संडास दोन्ही घरांना एकच, परसाच्या पार टोकाला. आणि मधली माती काळी; उन्हाळ्यात भेगा पडून बोट गिळणारी, पावसाळ्यात चप्पल गिळणारी. गेल्या श्रावणात तिनं आबांनाच गिळायला घेतलं होतं. हाड वाचलं, पण तेव्हापासून आभाळ भरून आलं की आबा पाणी पीत नसत. उशाशी तांब्या भरलेला, ओठ सुकलेले.

"तहान न्हाई गं पोरी," म्हणायचे.

जायला नको म्हणून प्यायला नको, हे दैवशालेला उशिरा कळलं. 

वैशाखात तिनं संडासापर्यंत फरशीची वाट करून घ्यायला भिवा गवंड्याला बोलावलं. त्यानं परसात उभं राहून हात लांबवला. "सरळ सूत धरू. लिंबाच्या अलीकडून थोडी तिकडच्या हद्दीतून जाईल, बस."

पलीकडे उषाबाई भांडी घासत होती. ती उठली नाही, शेळीकडे वळली. "कबरे, सांग गं लोकायला. माझ्या हद्दीत टिकाव मारायचा तर पयला माझ्या पायावर मारा म्हणाव."

भिवानं सुताची गुंडी खिशात टाकली. "वयनी, भांडणाच्या जागंत मी थापी काढत न्हाई. तुमचं ठरलं की बोलवा."

दैवशालेचा नवरा आदिनाथ जालन्याला कारखान्यात. त्यानं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भावजयीसंगं वाकडं घेऊ नको. ऱ्हाऊ दे औंदा."

औंदा ऱ्हाऊ दे. दैवशाला मागच्या दारात बसून राहिली. तिच्या अंगणात जुन्या शहाबादी फरश्या भिंतीला टेकून होत्या. घरात टाइल्स आल्या तेव्हा उपटलेल्या. आपणच टाकाव्या का? हात कामाचे होते, पण सारवण चुकलं तर पोतेरं फिरवता येतं, फरशी चुकली तर? म्हातारा चिखलात पडला तर लोक म्हणतील नशीब. फरशीवरून पडला तर म्हणतील सून.

उषाबाईनं तिचं बघणं बघितलं होतं. "कबरे, चिखल करायला अक्कल लागत न्हाई गं. वाट करायला लागती."

दैवशालेनं पदर खोचला आणि कुदळ उचलली.

सरळ वाट नाही तर नाही. आपल्याच हद्दीतून, लिंबाला वळसा घालून. तिनं कोपरभर काळी माती उपसली, मुरूम आणून पसरला, पाणी मारलं आणि लाकडी धुम्मसानं ठोकायला लागली. ठोका पडला की आपोआप आवाज निघायचा, आणि तो पलीकडे जाईल इतका मोठा निघायचा:

"काळ्या गं मातीचा, चिखल धरी पायी
जाऊच्या बोलाचा, काटा निघत न्हाई."

पलीकडे सूप थांबलं. मग तिकडून, त्याच चालीवर:

"जाऊ माझी गवंडीन, हाती तिच्या थापी
सरळ सोडून वाट, वाकडी रेघ कापी."

शेळी दोघींकडे आळीपाळीनं बघत रवंथ करत राहिली. वाट मात्र फरशी फरशी करत झाली. ज्येष्ठ सरता सरता आबा तिच्यावरून गेले. काठी टेकत, लिंबाच्या बुंध्याला हात लावत. आल्यावर तांब्या तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. दैवशाला चुलीकडे तोंड करून बसली, डोळे पुसायला धूर बरा होता.

मग अमावास्या आली. वळकटी तिकडे गेली.

आणि उषाबाईच्या दारापासून वाटेपर्यंत मधे होता निव्वळ चिखल. आषाढाचा पाऊस आता दणकून लागला होता. "आबायला मी हाताला धरून नेईन, लोकायच्या फरश्याची गरज न्हाई," असं उषाबाईनं कबरीला बजावलं. पण सुनेला हाताला धर म्हणणारा म्हातारा तो नव्हता. दैवशालेला पलीकडच्या ओट्यावर तांब्या दिसायचा. सकाळी भरलेला. दुपारी भरलेला.

ती हद्दीवर जाऊन उभी राहिली. "कबरे, विचार! तांब्यातलं पाणी काय देवाला ठिवलंय का?"

पलीकडे उषाबाई भांडण अर्ध्यावर टाकून आत गेली. आजवर असं झालं नव्हतं.

दैवशालेनं उरलेल्या फरश्या काढल्या. आपल्या वाटेला फाटा फोडला आणि भर चिखलात चुन्याच्या दगडापर्यंत आणून सोडला. "हद्दीपोतर आणली म्हणाव. म्होरं ज्याचं त्यानं बघावं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच फरफट ऐकू आली. उषाबाई सरपणाखालच्या आपल्या फरश्या ओढत होती. सरळ चिखलावरच टाकत होती.

"मुरूम न्हाई टाकला की फरशी पाळण्यावानी हलती गं कबरे," दैवशाला म्हणाली.

"मुरूम काय आभाळातून पडतो का गं कबरे? दुसऱ्याला हसायला बरं जमतं."

दैवशालेनं घमेलं भरलं, हद्दीवर नेलं आणि पलीकडे पालथं केलं. मग आणखी एक. मग आणखी. "सांडला म्हणाव," ती म्हणाली.

उषाबाईनं बघितलंसुद्धा नाही. फरशी उचलली, सांडलेला मुरूम खाली ओढला आणि दात आवळून ठोकायला लागली.

संध्याकाळी आबा बाहेर निघाले. दोन्ही दारांत दोघी, एकमेकींकडे पाठ करून. जिथं उषाबाईची फरशी संपून दैवशालेची लागत होती तिथं बोटभर उंचवटा राहिला होता. आबांनी काठीनं तो दोनदा चाचपला.

"हितं हद्द हाय," म्हणाले, आणि पाय उचलून पुढं गेले.

परत येऊन ओट्यावर बसले. तांब्या उचलला, गटागटा प्यायले, पालथा करून बघितला. दोन्ही दारांकडे बघून कुणालाच हाक मारली नाही.

"कबरे," आबा म्हणाले, "तांब्या रिकामा झाला म्हणाव."

दोन्ही घरांत एकदम भांडं वाजलं. दैवशाला कळशी घेऊन हद्दीपर्यंत आली, तोवर पलीकडे पाणी ओतलं जात होतं.

"कबरे," उषाबाई न वळता म्हणाली, "ह्या महिन्यात पाळी कुणाची, इसरली म्हणाव ती."