फुगलेलं दार

यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसावा अशी माझी अपेक्षाही नाही. आजवर माझ्या एकाही गोष्टीवर कुणाचा बसलेला नाही, मग या गोष्टीलाच काय सोनं लागलंय? पण आमच्या घरातल्या ओलीने एका भल्या माणसाला माझ्यासकट अडगळीच्या खोलीत पाच तास कोंडून ठेवलं होतं, हे मी परवा माझ्या मेहुण्याला शपथेवर सांगितलं. तेच तुम्हाला सांगतो. मेहुण्याला जे सांगितलं नाही तेही मधूनमधून सांगेन, पण ते तुमच्यापाशीच राहू द्या.

मेहुणा म्हणजे आमच्या हिचा धाकटा भाऊ. सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता. ही समोर मटार सोलत होती. त्याने भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "भावजी, घर अगदी ठणठणीत कोरडं झालं की हो! ताईचा खोकलाही गेला. कसं काय जमवलंत?"

असा प्रश्न विचारल्यावर गप्प बसायला मी काय भिंत आहे?

"ऐक," म्हटलं. "तीन वर्षं या घरात ओल होती हे तुला ठाऊकच आहे. पण किती होती हे ठाऊक नाही. सोमवारी कपाटात ठेवलेल्या बुटांवर गुरुवारपर्यंत केस यायचे. एका बुटाला तर मी मांजर समजून दूध ठेवलं."

"प्यालं का?" मेहुणा म्हणाला.

"अर्धी बशी."

हिने एक शेंग फोडली.

बुटांचं सोडा, पण ओल खरीच होती. खोल्यांमधल्या बोळातल्या भिंतीला पोपडे सुटले होते. रंग दिला की महिन्याभरात त्यातून काळे ठिपके वर यायचे. आधी मोहरीएवढे, मग बटणाएवढे, मग शेजारच्या ठिपक्याशी सोयरीक जुळवून चांगले बशीएवढे. आणि हिचा खोकला खरा होता. सकाळी मोरीच्या कट्ट्याला दोन्ही हातांनी धरून ही खोकायची, आणि मी पेपर उघडून बसायचो. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचो. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. तेव्हा याच मेहुण्याने फोन केला, "ताई, तू सरळ माझ्याकडे राहायला ये. कायमची ये." हिने बॅग भरून दाराशी ठेवली. रोज येता-जाता मला त्या बॅगेला वळसा घालावा लागायचा.

मग ही म्हणाली, "जायच्या आधी एकदा नीट तपासून घेऊ, त्या भिंतीत आहे तरी काय." आणि घरातली ओल आणि बुरशी तपासणारा एक माणूस हिने स्वतः फोन करून बोलावला.

"तो आला," मी मेहुण्याला म्हणालो, "तेव्हा आधी त्याचं नाक आत आलं, मग बाकीचा तो. आम्ही त्याला नाकसाहेब म्हणायचो. पलीकडच्या गल्लीत कुणी ओला टॉवेल टाकला तर याला इथे शिंक यायची."

नाकसाहेबाजवळ एक यंत्र होतं. हातात मावेल एवढंच, पुढे दोन सुया. सुया भिंतीला टोचल्या की ओल किती याचा आकडा दिसायचा. स्वयंपाकघरात बारा. झोपायच्या खोलीत चौदा. बोळात एकवीस. तो पुढे, त्याच्यामागे ही, हिच्यामागे मी, अशी आमची वरात. आकडा चढत चालला तशी माझी पावलं जड व्हायला लागली. कारण वरात कुठे जाणार ते मला ठाऊक होतं.

आता मेहुण्याला न सांगितलेली गोष्ट. मी नोकरीतून निवृत्त झालो त्या दिवशी मोठ्या साहेबांनी माझ्याशी हात मिळवला, त्याचा फोटो आहे. फोटोत मी पूर्ण आहे, साहेबांचा कोपरापर्यंत हात आहे. तो बाहेरच्या खोलीत लावायचा म्हटलं तर ही म्हणाली, "लोक विचारतील हा हात कुणाचा." मला राग आला. ही दुपारची पडली होती. मी उठलो आणि अडगळीच्या खोलीत भला मोठा खिळा ठोकला. त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर, आणि भिंतीतून गरम पाण्याचा पाइप जातो. दुसऱ्या घावाला बारीक पिचकारी उडाली. मी खिळा आणखी आत मारला, भोवती साबण थापला, त्यावर प्लंबरचा चिकट लगदा फासला आणि वर फोटो टांगला. थेंब बाहेर येईना. मला वाटलं, जिंकलो.

थेंब बाहेर येत नव्हता, कारण तो आत जात होता.

पुढे पोपडे सुटायला लागले तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. ही विचारायची, "अहो, ही ओल येते तरी कुठून?" आणि मी हिशोबी माणसाच्या आवाजात सांगायचो, "तू भांड्यांवर झाकण ठेवत नाहीस. ओले कपडे आत वाळत घालतेस. आंघोळीला कढत पाणी घेतेस, त्याची वाफ भिंतीत शिरते." आणि ही बिचारी तीन हिवाळे कोमट पाण्याने आंघोळ करत राहिली.

आता कळलं का माझी पावलं जड का झाली? नाकसाहेबाला दोष सापडला नाही तर ही खोकत खोकत भावाकडे जाणार. सापडला तर रागाने जाणार. बॅग एकच, भरलेली तीच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी.

"अडगळीच्या खोलीत आम्ही दोघेच शिरलो," मी मेहुण्याला सांगत होतो. "तिसऱ्याला जागाच नाही. खिडकी नाही, एक पिवळा दिवा. शिडी, जुने डबे, गुंडाळलेल्या गाद्या. छातीला छाती लावून उभं राहायचं. ताई बाहेर बोळात. त्याने सुया टोचल्या मात्र, आणि यंत्राचा आकडा नव्वदवर गेला. हवा अशी की श्वास घेण्याऐवजी प्यावा लागत होता. आणि तेवढ्यात..." मी थांबलो. इथे थांबायचं असतं.

"काय झालं?" मेहुण्याने पाय खाली घेतले.

"दार लागलं. आपलं आपण. जुनं लाकडी दार, तीन वर्षं ओल पिऊन बसलेलं. ते आमच्या डोळ्यांदेखत फुगलं! कणकेसारखं! चौकटीत असं घट्ट बसलं की फटीतून उजेडसुद्धा येईना. पाच तास आम्ही आत."

"वीस मिनिटं," ही म्हणाली. मान वर न करता.

"बाहेर असलेल्याला वीसच वाटतात," मी म्हणालो.

यात मात्र मी खोटं बोललो नाही. त्या खोलीत वेळ संपत नव्हता. गाद्यांचा कुबट वास नाकात बसला होता. माझ्या पाठीला दार, त्याच्या पाठीला शिडी. बाहेर ही खोकत होती, आणि मधेच दारावर थाप मारायची. रिकामा डबा वाजावा तसा आवाज घुमायचा. "अहो, काय झालं? उघडा ना!"

"दार अडकलंय गं!" मी आतून ओरडायचो.

नाकसाहेबही घाबरला बिचारा. "काका," तो हळूच म्हणाला, "दार उघडा ना." जणू काही ते माझ्या हातात होतं!

मग त्याने भिंतीवरचा फोटो उतरवला. काचेच्या आत बुरशी गेली होती. साहेबांचा हात स्वच्छ राहिला होता. माझ्या तोंडावर मात्र हिरवट काळी दाढी उगवली होती. "हे कोण?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "एक नालायक माणूस." त्याने फोटो खाली ठेवला, खिळ्याकडे पाहिलं, खिळ्याखालून ओघळलेल्या पिवळ्या डागाकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"काका, हा खिळा पाइपमध्ये आहे."

"हळू बोला," मी म्हणालो.

"किती दिवस?"

"तीन वर्षं. हळू बोला हो. तुम्ही लिहा, पाइप जुना होता. लिहा, सांधा सुटला. तुमचं काय जातंय? माझं घर जातंय."

"भिंत सांगते तेवढंच मी लिहितो."

"भिंतीला कुठे बायको आहे?"

बाहेर पुन्हा खोकल्याची उबळ आली, लांबलचक, शेवटी शिट्टीसारखी. आम्ही दोघं ती संपेपर्यंत एकमेकांकडे न बघता उभे राहिलो. उबळ संपल्यावर तो म्हणाला, "काका, माझ्या फॉर्मात 'पाइपला भोक' एवढंच लिहायला जागा आहे. कशाने पडलं, हा रकाना नाही. पण तो रकाना तुमच्याकडे आहे. तो तुम्ही भरा." मी मान डोलावली. त्या खोलीत मी कशालाही मान डोलावली असती.

यातलं एक अक्षर मी मेहुण्याला सांगितलं नाही. त्याला सांगितलं ते असं: "दुसऱ्या तासाला नाकसाहेबाच्या मिशीला बुरशी आली. तिसऱ्या तासाला माझ्या शर्टाची बटणं रुजली, एकाला पान फुटलं. चौथ्या तासाला शिडीने चक्क मूळ धरलं. नाकसाहेब म्हणाला, काका, आता आपलं लोणचं होणार."

"मग सुटलात कसे?" मेहुणा पुढे झुकला होता. हा माझा आवडता श्रोता. घरी त्याला बोलायला मिळत नाही, त्यामुळे ऐकायची सवय चांगली आहे.

"मग मी डोकं चालवलं. दार कशाने फुगलं? ओलीने. मग त्याला काय हवं? काहीतरी कोरडं. त्या खोलीत कोरडं असं एकच होतं, माझ्या नोकरीच्या आठवणी. मी सुरुवात केली. मालाच्या नोंदवहीत डावीकडच्या रकान्यात काय लिहायचं, उजवीकडच्या रकान्यात काय लिहायचं, आणि दोन्ही जुळले नाहीत तर कुणाला कळवायचं. पहिल्या दहा वर्षांत नाकसाहेबाची मिशी वाळली. पंधराव्या वर्षाला दार करकरलं. जावक रजिस्टर लाल शाईने भरायचं की निळ्या, या वादापर्यंत आलो आणि दाराचं सगळं पाणी आटलं! सुकून चौकटीतून आपोआप बाहेर आलं. नाकसाहेब बिचारा झोपला होता, त्याला हाताने धरून बाहेर आणावं लागलं."

मेहुणा इतका हसला की त्याला ठसका लागला. "भावजी, तुम्ही म्हणजे ना!"

"मग प्लंबर आला, भिंत फोडली, पाइप बदलला. तेव्हापासून घर कोरडं. तुझ्या ताईची बॅग माळ्यावर." मी पाय पसरून मागे टेकलो. गोष्ट अशी बसली की कसं मोकळं वाटतं. सात महिने मी तो रकाना भरला नव्हता, आणि आता भरायची गरजही उरली नाही, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं.

मटार संपले होते. हिने टरफलं पेपरात गोळा केली, पेपराची पुडी केली, आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"ते लाकडी दार," ही म्हणाली, "फुगतं म्हणूनच आपण काढलं होतं ना हो?"

"कधी?" मी म्हणालो.

"तो माणूस यायच्या आदल्या वर्षी. तुम्हीच फायबरचं आणलंत. दुकानात दोनदा विचारून घेतलंत, हे फुगत नाही ना म्हणून."

मेहुण्याचं हसू तोंडावरच राहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बोळाकडे, मग ताईकडे. "मग ताई, दार लागलं कसं?"

"कडीने. मी बाहेर उभीच होते रे. आतून सरकवली, मी ऐकली." हिने पुडी बाजूला ठेवली. "आणि हातोडीही ऐकली होती, त्याआधी तीन वर्षं. मी दुपारची पडले होते, झोपले नव्हते."