दोन कुलपांची पेटी

मित्रांनो, आधी माझ्या झाकणाच्या दोन कड्या बघा. माझी सगळी गोष्ट तिथेच अडकली आहे. मी कामगार संघटनेची पत्र्याची मदतपेटी. कारखान्यातल्या फिटरकाकांनी उरलेल्या पत्र्यातून मला घडवलं. कोणी जखमी झालं, कोणाच्या घरचं माणूस गेलं, की मला उघडायचं. एक किल्ली अध्यक्षांकडे, दुसरी काकांकडे. दोघं समोर असल्याशिवाय मी उघडत नसे.

अध्यक्षांना सगळे दादा म्हणत. यंत्रांच्या घरघरीतही त्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचे. माझ्या पाठीवर थाप मारून ते म्हणत, "ही कधी रिकामी राहता कामा नये." ते माझे चांगले दिवस होते.

पुढे काकांचे गुडघे गेले. कचेरी दुसऱ्या मजल्यावर. एकदा धापा टाकत आले आणि त्यांनी आपली किल्ली दादांसमोर ठेवली.

"आता तुम्हीच सांभाळा."

"काका, नियम आहे."

"नियम परक्यांना हो! तुम्ही काय परके?"

"आणि दादा पेटी घेऊन पळाले तर?" मागून कोणीतरी म्हणालं.

"पळतात कसले! पोट बघा त्यांचं."

सगळे खो खो हसले. खरं सांगते, मलाही तेव्हा अभिमानच वाटला.

दादांनी मला पहिल्यांदा एकट्याने उघडलं, तेव्हा आत चिठ्ठी ठेवली: 'उसने घेतले, परत ठेवीन.' दुसऱ्यांदा चिठ्ठी नव्हती. त्यांच्या घरी नवी फरशी बसली. मग कारखान्यातल्या प्रेस मशीनवर तीन बोटं गमावलेल्या ताई मदत मागायला आल्या, आणि मी रिकामी निघाले.

दादांवर खटला चालला. कोर्टात गळ्यात पुराव्याची चिठ्ठी बांधून मला टेबलावर मांडलं. दादांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. चोरी शाबित झाली. शिक्षेच्या दुसऱ्या वर्षी ते तुरुंगातच वारले. मी कचेरीतल्या कपाटावर धूळ खात पडले. माझ्यात कोणी काही टाकेना.

मग काही महिन्यांपूर्वी त्यांची मुलगी जिना चढून आली. तुरुंगातून वडिलांच्या वस्तूंबरोबर माझ्या दोन्ही किल्ल्या तिला परत मिळाल्या होत्या. त्या दिवशी काकाही कसेबसे वर आले होते; ते आणि ताई समोरच बसले होते. ती दारातच थांबली.

"काका, या घ्या. पेटी पुन्हा सुरू करा."

काकांनी हात मागे घेतला. "मला नको, पोरी. मी दिली नसती तर..."

"तुम्ही विश्वासाने दिली, काका. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं." तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "पण त्यांना एकटं सोडायलाही नको होतं. आम्ही घरातल्यांनीसुद्धा. फरशी कुठून आली, ते मी विचारलं नाही."

ताई उठल्या. उरलेल्या दोन बोटांत त्यांनी एक किल्ली धरली, दुसरी काकांच्या मुठीत कोंबली. मुलीला म्हणाल्या, "अशी दारात काय उभी? बस. पाणी पी."

आता मी तळमजल्यावर असते, काकांना जिना नको म्हणून. कुलपं उघडताना दोघांची डोकी एकमेकांवर आपटतात, दोघं एकमेकांवर वैतागतात, आणि मला बरं वाटतं.

मित्रांनो, माझ्यासारख्या पेट्या तुमच्याही हाती येतील. त्या पुसा, गंजू देऊ नका. आणि ज्याच्यावर तुमचा फार जीव आहे, त्याच्या हातात दोन्ही किल्ल्या कधी देऊ नका. पेटीइतकंच त्यालाही जपायचं असतं.