आबिदाभाभींच्या चुलीखालचा दगड

मी एक जुना काळा दगड आहे. चार बोटं जाड, दोन हात लांब आणि, खोटं कशाला बोलू, थोडासा गर्विष्ठही. तुर्भ्याच्या खाणीत माझा जन्म झाला. जोतीराम पाथरवटाने मला छिन्नीने घडवलं आणि तळोजा गावात आबिदाभाभींच्या परसात धुण्यासाठी बसवलं. वीस वर्षं मी कपड्यांचे फटके खाल्ले. मग घरात वॉशिंग मशीन आलं आणि माझी रवानगी भिंतीकडेला झाली. तिथे मी नुसता शेवाळत पडलो होतो.

आबिदाभाभी लग्नघरांना तांदळाच्या भाकऱ्या करून देतात. नवरा गेल्यापासून त्यांनी घर त्यावरच चालवलं. भाकरी लाकडाच्या आचेवरचीच, गिऱ्हाईकं तीच मागतात. त्यांनी नवी लोखंडी चूल करून घेतली. पण ती थेट ठेवली तर परसातला सिमेंटचा कोबा तडकणार. मग तिच्याखाली काय घालावं? इथेच घोडं अडलं. मुलगा जुनैद कारखान्यात नोकरीला आहे. त्याने बाथरूमच्या उरलेल्या चकचकीत टाइल्स बसवल्या. त्या तिसऱ्याच दिवशी फुटल्या. मग त्याने कडप्पा आणला. त्याचे पापुद्रे सुटले आणि एक तापलेली ढलपी भाभींच्या पायाला चटका देऊन गेली.

"अम्मी, आता लास्ट चान्स," जुनैद म्हणाला. "परत काय फुटलं ना, तर चूल बंद. तुझं टेन्शन नाय घेऊ शकत मी."

भाभींचा चेहरा उतरला. चूल म्हणजे त्यांचं सगळं काही होतं. त्यांनी जोतीरामला बोलावलं. म्हाताऱ्याने परसात फेरी मारली आणि माझ्यावर हातोडी टेकवली. मी खणखणीत वाजलो.

"भाभी, घरातच तर हाय की! पन यात पानी मुरलंय. घाई केली तर ह्योबी फुटंल."

आठ दिवस त्यांनी मला उन्हात वाळवलं. मग चुलीखाली बसवून पुढचे तीन दिवस थोडी थोडी आच दिली. जाताना जोतीरामने बजावलं, "तापल्यावर पानी मारायचं नाय. राख पसरा, आपसूक निवू द्या."

दोन वर्षं मी निखारे झेलले. लोक भाकऱ्यांची तारीफ करायचे, माझी कुणीच करत नसे. मला वाईट वाटायचं.

एका रविवारी मोठी ऑर्डर संपवून भाभी नमाजला आत गेल्या. तेवढ्यात एक निखारा माझ्यावरून सरपणाकडे घरंगळला. सुट्टीमुळे घरी असलेला जुनैद घाबरला आणि त्याने पाण्याने भरलेली बादली माझ्यावर ओतली. कडाड्! कडेपासून मध्यापर्यंत मला तडा गेला. आवाज ऐकून भाभी धावत आल्या. जुनैद रिकामी बादली धरून उभा होता. भाभी खाली वाकल्या आणि त्याचे पाय बघू लागल्या.

"तुला कुठं भाजलं नाय ना?"

जुनैदने बादली बाजूला ठेवली. "अम्मी, चूल बंद नको करू. चूक माझी हाय."

दुसऱ्या दिवशी तोच जोतीरामला घेऊन आला. माझा तडा मातीने भरला, कडेने लोखंडी पट्टी आवळली. अजून मी कामाचा आहे.

आता दर रविवारी जुनैदच आग आवरतो. राख पसरतो आणि मी निवेपर्यंत आईजवळ बसतो. मला निवायला दोन तास लागतात. आधी त्याला दोन मिनिटं फुरसत नसायची. एकदा त्याने बोलता बोलता भाभींचा हात हातात घेतला. भाकऱ्या उलटून उलटून त्यांच्या बोटांच्या शेंड्यांना घट्टे पडले होते, आच कळेनाशी झाली होती.

"हे कधीपासून, अम्मी?"

"झाली की चार वर्षं," भाभी हसून म्हणाल्या. जुनैदने तो हात बराच वेळ सोडला नाही.

मित्रांनो, जो गुपचूप सोसतो, त्याला काही होतच नाही असं समजू नका. त्याला निवायला वेळ द्या आणि तेवढा वेळ त्याच्याजवळ बसा.