मांजरपाट

कॅप्सूलची टोपी निघता निघेना. टकळीने ती दोन्ही हातांच्या नखांत धरली, हलकेच पिळली, आणि दोन तुकडे एकदम सुटे झाले. पिवळट भुकटी बशीत सांडली. चोरी करताना छाती धडधडते म्हणतात. तिची काही धडधडली नाही.

बाहेरच्या खोलीत बाबा दुपारची डुलकी काढत होता, तीही बसल्या बसल्या, कारण आडवं झालं की त्याला दम लागायचा. आई बाजारात गेली होती.

टकळी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. बाबा शिंपी, टकळी गरगरत सूत काढते तशी ही बोलत सुटते, म्हणून त्याने ते ठेवलं आणि ते गल्लीभर झालं. वर्गात तर बाई म्हणायच्या, हिच्या तोंडाला झाकणच बसवलेलं नाही. पण ज्या दिवशी डॉक्टरबाईंनी बाबाचं हृदय पडद्यावर दाखवलं, त्या दिवशी ते झाकण बसलं. रडू आलं नाही, राग आला नाही, काहीच आलं नाही. परवा दारात बोट चांगलं चेंगरलं, नख काळंनिळं झालं, तर ते बोट शेजारणीचं असावं तशी ती त्याच्याकडे बघत राहिली होती.

"हृदयाचा स्नायू ताणून सैल पडलाय," डॉक्टरबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "आवळायला हवा तसा आवळत नाही."

"म्हणजे इलॅस्टिक गेलंय," बाबा म्हणाला. "नवं घालून नाही मिळत?"

"मिळतं. पण रांग फार मोठी आहे."

मग त्यांनी एका वेलीची गोष्ट सांगितली. तिच्या सालीतून एक द्रव्य काढलं होतं. उंदरांच्या सैल पडलेल्या हृदयाला त्याने थोडी ओढ आली होती. माणसाच्या हृदयाला येते का, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. तेच बघायचं होतं. निम्म्या लोकांना ते द्रव्य आणि निम्म्यांना नुसतं पीठ, सारख्याच कॅप्सुलांत. कुणाला काय मिळालं, ते डॉक्टरबाईंनाही कळणार नव्हतं. नेहमीच्या गोळ्या मात्र सगळ्यांना चालूच.

"पीठ खाऊन कुणाचं भलं होणार आहे?" आई म्हणाली.

"अगं, भारी कापडाला कात्री लावायच्या आधी स्वस्तातल्या मांजरपाटावर बेतून बघतातच की," बाबा म्हणाला. "मांजरपाटाचा कोट कुणी घालत नाही. पण त्याच्याशिवाय कोट नीट बसत नाही."

बाटली हातात देताना नर्सने, खरं तर सांगायला नको ते, सांगून टाकलं. "फोडू नका हं. खरी असली तर इतकी कडू असते, की कण ओठाला लागला तरी दिवसभर पाणी कडू लागतं."

झालं! बाबाने घरी येऊन चपलाही न काढता एक फोडली, जिभेला लावली, आणि तोंड असं काही वेडंवाकडं केलं की आई घाबरून धावत आली.

"कडूजहर!" तो ओरडला.

आई तिथेच स्टुलावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. आनंदाने. तेव्हापासून रोज सकाळी कॅप्सूल गिळली की बाबा तेच तोंड करायचा, घशात कडवट राहतं म्हणायचा, आणि आई त्याच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवायची. दुकान विकून टाका म्हणणाऱ्या मामालाही तिने ठणकावून सांगितलं होतं, "काही विकायचं नाही. औषध लागू पडतंय."

काल मात्र बाबा न्हाणीघरातून येताना मध्येच शिलाई मशीनला धरून उभा राहिला. बराच वेळ. मग म्हणाला, "मशीनला तेल द्यायला हवं." त्याच्या घोट्याला सूज होती, मोज्याची कडा रुतून तिथे खोल वळ पडला होता. टकळीला तो दिसला होता.

तिने बोट ओलं केलं, भुकटीत टेकवलं आणि जिभेवर ठेवलं.

खडू. फळा पुसताना तोंडात जातो, तसला.

ती थांबली. कडूपणा कधीकधी रेंगाळत येतो. आला नाही. मग पेलाभर पाणी प्यायली. पाणी पाण्यासारखंच लागलं.

कागदाच्या कोपऱ्याने तिने भुकटी परत भरली, टोपी बसवली, कॅप्सूल बाटलीत टाकली आणि बशी धुऊन पुसून ठेवली. आई आली तेव्हा ती भाजी निवडत होती.

"न सांगता काम? सूर्य पश्चिमेला उगवला की काय आज?"

*आई, ते पीठ आहे.* वाक्य तयार होतं. टकळीने ते गिळलं आणि पुढची जुडी हातात घेतली.

सकाळी बाबाने बाटली तळहातावर उपडी केली. वरचीच कॅप्सूल घरंगळत बाहेर आली. तो ती तोंडाशी नेणार, तोच थबकला. खिडकीच्या उजेडात धरून त्याने तिच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. सांध्याबाहेर भुकटीची बारीकशी रेघ राहिली होती. जन्मभर लोकांच्या शिवणी बघितलेला माणूस तो. त्याने चष्म्यावरून टकळीकडे बघितलं.

"बघत काय बसलात? घ्या की," आई म्हणाली आणि साखरेचा डबा आणायला आत गेली.

"नीट शिवलीस परत," बाबा हळूच म्हणाला. "पण उसवलेलं मला कळतं."

"बाबा, हे तर..."

"मांजरपाट." तो टेबलावरच्या कापडाची चुणी बोटाने सरळ करत राहिला. "लागतं गं तेही."

आई डबा घेऊन आली. बाबाने कॅप्सूल गिळली. मग डोळे तिरळे, जीभ बाहेर, मान वाकडी, सगळं साग्रसंगीत झालं. आई हसली, नेहमीसारखीच.

"पुरे हो सोंगं. लहान मुलं बरी." तिने त्याच्या तळहातावर साखर ठेवली, आणि मग तिचं लक्ष टकळीकडे गेलं. "तुझं काय गं? तोंड का असं? पटत नाही का तुला, औषध लागू पडतंय ते?"

"मी पण चाखली," टकळी म्हणाली. "काल."

बाबाचा हात तोंडापाशी पोचता पोचता थांबला. बोटांच्या फटीतून साखरेचे दोन-चार दाणे टेबलावर पडले.

आईने डब्याचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं.

"मग?"

टकळीने आईकडे बघितलं. मग त्या डब्याकडे.

"कडूजहर," ती म्हणाली. "अगं, विचारू नकोस! पाणी प्यायले तर पाणी कडू, जेवले तर भात कडू. आत्ता दात घासले ना, पेस्टसुद्धा कडू! मला वाटलं जीभच गेली माझी कामातून. शाळेत आता तोंडी परीक्षा आहे, बाईंना काय सांगू, जीभ आजारी आहे म्हणून? आणि बाबा तर किती कमी तोंड वाकडं करतो त्या मानाने, मी असते ना तर..."

"कार्टे! एवढं मोलाचं औषध आणि तू चाखत बसलीस?" आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. पण ती हसत होती, आणि हसता हसता मनगटाने डोळे पुसत होती. "हात कर पुढे. कर म्हणते ना."

चिमूटभर साखर टकळीच्या तळहातावर आली.

"हळू, टकळे," मान वर न करता बाबा म्हणाला. "सूत तुटेल."

साखर सांडू नये म्हणून टकळीने मूठ मिटली, आणि चेंगरलेलं बोट पहिल्यांदाच सणकून ठणकलं.