रिकाम्या पाट्यावरचा वरवंटा

मित्रांनो, सिंधुचा शेवटचा साधा दिवस सोमवार होता. त्या सकाळी तिने मला दोन्ही हातांत धरून जवस आणि लसूण वाटला, तेव्हा तिच्या तळहातांत मला तो आवाज ऐकू आला. बारीक, खोल, जमिनीखालून आल्यासारखा. असा आवाज मी पूर्वी एकदाच ऐकला होता. त्यानंतर आमचे गाव राहिले नव्हते.

मी काळ्या दगडाचा वरवंटा आहे. पाट्यावर मागेपुढे सरकायचे, एवढेच माझे काम. मला डोळे नाहीत. माणसे मला त्यांच्या हातांच्या भारावरून कळतात. कोण रागात आहे, कोण दमले आहे, कोणाच्या पोटात अन्न आहे आणि कोणाच्या नाही, हे सगळे भार सांगतो. सिंधुचा भार कित्येक महिने कमी होत चालला होता. त्या सोमवारी तर एखादे लहान मूल मला ढकलत असावे असे वाटले.

सिंधु लातूरला शिकवणीसाठी आलेल्या मुलींची मेस चालवत असे. मुली पंगतीला बसल्या होत्या. शेजारची शकिला अंडी द्यायला आली आणि दारातच थांबली.

"सिंधुताई, आजबी उपास? आमचे रोजे महिन्यात संपतात बघा. तुमचे बारा महिने चालू."

"तुमचा चंद्र दिसतो तरी. माझा अजून उगवला न्हाई," सिंधु हसली आणि हसता हसता खोकली.

"खोकला लई दिवसांचा हाय. दवाखान्यात जावा की."

"जाते. पोरींची परीक्षा तर होऊ दे."

धर्माबादहून आलेली रुद्राणी ताट सरकवत म्हणाली, "काकू, आंबाडी नको. टेस्ट आहे. नुसता चहा द्या."

"चहावर टेस्ट देतीस व्हय? आधी हात दाखव. साबण लावलीस का? पोटात भाकर नसल्यावर डोकं कुणाच्या जोरावर चालतंय?"

"मग तुम्ही कुणाच्या जोरावर चालता, काकू?"

मुली खो खो हसल्या. सिंधुही हसली.

तेवढ्यात तिची मुलगी पुनम क्लासवरून आली. ती जीवशास्त्र शिकवते. शरीर रोगाशी कसे लढते हा तिचा आवडता धडा. ती आईच्या शेजारी उकिडवी बसली.

"आई, आज तरी जेव. खोकला आहे. साबुदाणा आणि चहावर शरीर लढत नाही. डाळ लागते, पालेभाजी लागते, झोप लागते."

"ते तुझ्या वर्गात सांग. हितं देवाला शब्द दिलाय."

"मग उद्यापन कर आणि सोड तो उपास."

"करू की. घाई काय हाय?"

पुनम उठून गेली. एवढेच बोलणे झाले.

आता तो शब्द कुठला, ते सांगतो. मला औसा तालुक्यातल्या एका पाथरवटाने घडवले. सिंधुच्या लग्नात मी तिच्या घरी आलो. पुनमच्या बारशाला बायकांनी मला कुंची घातली, काजळ लावले आणि "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत पाळण्याखालून एकमेकींच्या हाती दिले. पोर दगडासारखे टणक व्हावे म्हणून तशी रीत आहे. माझ्या अंगाला बाळाच्या पावडरीचा वास लागला होता. त्या दिवसापासून मी तिला माझी धाकटी बहीण समजतो.

मग त्र्याण्णव साल आले. कितीतरी महिने आधीपासून जमिनीत गुरगुर चालू होती. माणसे म्हणत, खाली कोणीतरी दळत बसले आहे. एका पहाटे ते दळण भूकंप होऊन वर आले. दगडमातीची भिंत पुनमच्या वडिलांवर, भागवतवर पडली आणि ते गेले. एक तुळई तिरपी अडकली आणि तिच्याखालच्या पोकळीत पुनम आणि मी राहिलो. तिचा श्वास मला लागत होता. तो थांबे, मग पुन्हा येई. वर ढिगाऱ्यावर सिंधु उभी होती. तिचा आवाज दगडांतून झिरपत खाली आला.

"देवा, माझं लेकरू वाचू दे. सोमवारी मी अन्नाला शिवणार न्हाई."

लेकरू वाचले. सिंधु तिला आणि मला घेऊन लातूरला आली.

उपास सोडायचा तर उद्यापन करावे लागते. पूजा करायची, चार जणींना जेवू घालायचे आणि मग आपण जेवायचे. सिंधुने ते कधीच केले नाही. एकटी असताना ती मला ओढत पुटपुटे, "सोडला आणि पोरीला काही झालं तर?" पुनम दहावीला गेली तेव्हा गुरुवार वाढला. नोकरीसाठी चतुर्थी वाढली. पुढे शहरात शिकवण्या वाढल्या, गल्लीगल्लीत मुली आल्या, आणि परीक्षेला जाताना म्हणू लागल्या, "काकू, माझ्यासाठीपण एक उपास धरा." ती धरत गेली.

दुसऱ्यांच्या ताटाचे मात्र तिला अचूक भान होते. ज्वारीची भाकरी, मुगाची डाळ, शेवग्याचा पाला, हुलग्याच्या पिठाचे गरम, पातळ माडगे, ताक, थंडीत आवळा. पाणी झाकलेले. दिवे वेळेवर बंद. रोज बाजारचा वडा खाणारी मुलगी सारखी आजारी पडते, हे तिच्या लक्षात येई. मी वाटलेल्या नुसत्या चटणीने कोणी निरोगी राहत नाही, हेही ती सांगे. त्या सगळ्या ताटांत तिचे एक ताट नव्हते.

त्या सोमवारनंतर ती मला धरू शकली नाही. ताप छातीत उतरला. आठवडाही उलटला नाही आणि ती गेली. डॉक्टर पुनमला म्हणाले, असे एकाच कारणाने होत नाही, पण लढायला शरीराकडे फार थोडे उरले होते.

मित्रांनो, पुढचे मी जसे झाले तसे सांगतो.

तेराव्यानंतर एका पहाटे माझ्यावर भार आला. हात नव्हते, नुसता भार होता. मी पुढे सरकलो, मागे सरकलो. पाट्यावर ना जवस, ना मीठ. ती मला रिकाम्या पाट्यावर ओढत होती. दगडावर दगड घासत राहिला आणि उजाडताच भार निघून गेला. दुसऱ्या दिवशीही तसेच. एरवी सोमवारी तिचा भार कसा लागे ते मला ठाऊक होते. हा तोच होता, उपाशी.

मुलींनी आवाज ऐकला. रुद्राणीने विचारले, "मॅडम, सकाळी तुम्ही वाटत होता का?"

"नाही," पुनम म्हणाली. तिने उंदीर असतील असे काही सांगितले नाही. पुढच्या पहाटे ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. भार थांबला. तिने माझ्यावर तळहात ठेवला. कोणी पाणी घातले नव्हते, तरी मी ओला होतो. आणि कोमट.

मित्रांनो, तुमच्या घरात सगळ्यांना वाढून शेवटी उरलेसुरले खाणारे कोणी असेल. त्याला आरोग्याचे धडे देऊ नका. त्याचे ताट आधी मांडा. त्याचा खोकला परीक्षा संपायची वाट बघत नाही.

सोमवारी पुनमने आईच्या उद्यापनासाठी क्लासला सुट्टी घेतली. मला धरून जवस वाटला. भाकरी केल्या, डाळ केली, आंबाडी केली. रुद्राणी, बाकीच्या मुली आणि शकिला जेवल्या. शकिलाने दुसरी भाकरी मागून घेतली. मग पुनमने एक ताट वाढून पाट्याजवळ ठेवले. आपलेही वाढून घेतले. समोर कोणी नव्हते. माझ्यावर मात्र भार येऊन टेकला होता.

ती मोठ्याने म्हणाली, "आई, मी वाचले गं. त्याच सकाळी वाचले. आता तू जेव."